इनामदारांची नदी

सरनोबत इनामदारांचा मळा नदीला लागून होता. काठावरच्या करंज-उंबरांची सावली उसावर पडते, म्हणून त्यांनी झाडं तोडायला माणसं बोलावली. त्या झाडांच्या मुळांत पाणमांजरांची बिळं होती, आणि काठही मुळांनीच धरून ठेवला होता. खालच्या अंगाला अनसाक्का माळिणीचं शेत होतं. ती धावत आली.

“सरकार, झाडं गेली तर पाणमांजरांची मुकी पोरंबाळं उघड्यावर पडतील. काठ ढासळला की पूर थेट माझ्या भुईमुगात शिरेल.”

इनामदार गुरगुरले, “जमीन माझी, झाडं माझी, आणि माझ्या हद्दीतून वाहते तोवर नदीसुद्धा माझी. तू कोण विचारणार?”

माणसं कुऱ्हाडी टेकून ऐकत उभी राहिली.

अनसाक्का शांतपणे म्हणाली, “बरं झालं, चारचौघांत बोललात. ज्याचं जनावर त्यानं बांधून ठेवावं, असा गावचा नियम आहे. ही झाडं म्हणजे तुमच्या नदीचं दावं. खुशाल कापा. पण सुटलेली नदी माझं पीक खायला आली, की मी तिला कोंडवाड्यात घालणार. सोडवायला तुम्हीच या!”

माणसं खो खो हसली. इनामदारांनी मिशीवर हात ठेवला, पण हसू काही लपेना.

“आणि माझ्या उसाचं काय?”

“सावलीच्या पट्ट्यात हळद लावा. बियाणं मी देते.”

कुऱ्हाडी परत गेल्या. हळद अशी पोसली, की काढणीची पहिली टोपली इनामदारांनी स्वतः अनसाक्काच्या अंगणात आणून ठेवला आणि चहाला बसले.