टिपऱ्या वानराची उडी

घरोघरी टीव्ही नुकते आले होते, तेव्हाची ही गोष्ट. जंगलातल्या चौकीच्या खिडकीबाहेर टिपऱ्या नावाचा वयात येणारा वानर दिवसभर बसून आत चाललेल्या उड्यांच्या स्पर्धा बघायचा. उड्यांमधलं आपल्याला सगळं कळतं, असं त्याला वाटे.

"बाळा, जरा झाडावर खेळायला चल," आई म्हणायची.

"थांब ना आई, फायनल चाललीय!"

एकदा चौकीचा कुत्रा अंगावर धावून आला. आई टुणकन जांभळीवर गेली. टिपऱ्यानेही ऐटीत झेप घेतली आणि फांदीच्या हातभर अलीकडे, शेणाच्या ढिगात बदकन पडला. आईने खाली येऊन कुत्र्याला दात दाखवले आणि लेकाला शेपटीला धरून वर ओढलं, तेव्हा कुठे तो वाचला.

"मला सगळं येत होतं गं," तो रडवेला होऊन म्हणाला.

"डोळ्यांना येत होतं. पायांना कोण शिकवणार?"

दुसऱ्या दिवसापासून तो आधी झाडांवर दमेपर्यंत उड्या मारायचा आणि मगच खिडकीशी यायचा. एका संध्याकाळी टीव्हीतल्या खेळाडूने झेप घेताच तो ओरडला, "आई, हा पडणार! गुडघे वाकवलेच नाहीत याने!"

खेळाडू खरंच पडला. मग आईसुद्धा बघायला शेजारी येऊन बसली.