माघारीची दिशा

एका राज्यात नव्हे, राज्याच्या वेशीपलीकडे, काळ्या डोंगराच्या माथ्यावर राणी कनकावती आणि मांत्रिक जटाक्ष सकाळपासून भांडत होते, आणि दोघांतलं एकही दमेना. तिन्ही कामं केली, आता शाप सोड, असं राणी म्हणे. सोडत नाही, असं तो म्हणे.

शाप कसला? जटाक्षाने त्या राज्याची माघारीची दिशाच काढून कमंडलूत कोंडली होती. वेशीबाहेर पडलेल्याचं पाऊल पुढेच पडे. घराकडे वळावं, तर पाय ऐकत नसत. सासूला वेशीपर्यंत पोचवायला गेलेला जावई सासूबरोबर चालतच राहिला. राजा वज्रबाहू हरणामागे गेला, तो समुद्राच्या रोखाने चालला होता. दिवस मावळेतो लाटांत शिरणार, हे राणीला बगळ्यांकडून कळलं होतं.

जटाक्ष म्हणाला होता, सुटलेला बाण भात्यात आण. घारीने आणून दिला. गळलेलं पान फांदीला लाव. मुंग्यांनी शिवून दिलं. समुद्राला मिळालेली नदी डोंगरावर आण. राणीने ढगांना दरडावलं, ते निमूट पाणी घेऊन वर आले. आता माथ्यावर नदी खळखळत होती, आणि हा बाबा तरी ऐकेना.

"शब्द मोडलास. मांत्रिक कसला, तू तर बाजारातला गारुडी."

"गारुडी म्हण. त्या राज्याचं नाव माझ्यापुढे काढू नकोस."

"राज्याने तुझं काय घोडं मारलं?"

जटाक्ष कमंडलू पुसत बसला. त्याच्या खांद्यावरच्या साळुंकीला मात्र राहवेना. ती म्हणाली, "धन्याला राजवाड्यात जेवायला बोलावलं. निघाला, तर पोचवायला कोणी उठलं नाही. दाराशी किती वेळ थांबला होता."

जटाक्षाने तिची चोच धरली, पण उशीर झाला होता.

राणीला तो दिवस आठवला. श्रीखंड ओरपून सगळा राजवाडा घोरत पडला होता. त्या राज्यात वैऱ्यालाही वेशीपर्यंत पोचवून 'पुन्हा या' म्हणायची रीत, आणि नेमका हा पाहुणा तसाच गेला. याला कोणी माघारी बोलावलं नाही, म्हणून याने सगळ्यांचीच माघारीची दिशा नेली. रुसवा एवढासा, आणि राज्य वेठीला.

राणी मानी बाई. पाया पडणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने पदर खोचला आणि एकच वाक्य बोलली. त्यासरशी कमंडलूचं झाकण उडालं. गुडघाभर लाटांत शिरलेल्या राजाची पावलं वळली. वाटावाटांवरची माणसं घराकडे तोंड करून धावत सुटली. आणि जटाक्ष नाक पुसत, साळुंकीला सावरत, राणीच्या मागोमाग डोंगर उतरू लागला. ते वाक्य असं:

"उठा भावोजी, आज आमच्याकडे जेवायला चला, आणि निघाल तेव्हा मी स्वतः वेशीपर्यंत येऊन 'पुन्हा या' म्हणेन, ते ऐकल्याशिवाय जागचं हलायचं नाही."