शेजाऱ्याची शीग

एकदा काय झालं, एका राजाचे तीन परगणे होते. डोंगराचा, नदीकाठचा आणि माळाचा. प्रत्येकाचं धान्य न्यायला एक जण यायचा. पिकलं की सगळ्यांनी धान्य राजाच्या कोठारात घालायचं. पेरणीआधी राजानं ते मापून परत वाटायचं. मापाची पायली जादूची, बरं का. ज्याची गरज मोठी, त्याच्या पायलीच्या काठावर आपोआप दाण्यांची उंच शीग चढायची. नियम एकच. एकाचं माप चालू असताना बाकीच्यांनी पाठ फिरवायची.

मग दोन वर्षं पाऊस रुसला. कोठाराचा तळ दिसायला लागला. माळाचा केरबा नाईक वाटपाला सगळ्यांच्या आधी आला. त्याच्या गावांनी बियाणंसुद्धा शिजवून खाल्लं होतं. शीग नाही, तर पेरणी नाही.

पण पहिलं माप डोंगराच्या सुभानजीचं. केरबानं पाठ फिरवली, पण मान वळवली. उंच शीग बघून तो मनात जळला. तशी शीग ढासळली. मग नदीकाठच्या गोदाबाईचं माप. आता सुभानजीही वळून बघत होता. पायली निम्मीच भरली. मग केरबाची पाळी. दोघंही टक लावून उभे. पायलीत मूठभर दाणे पडले.

गोदाबाई म्हणाली, "केरबा, आमचं कमी झालं. तुझं पोट भरलं का?"

केरबानं मान खाली घातली. तेव्हा त्याला चिमण्या दिसल्या. राजाच्या आसनामागच्या पडद्याखालून चोचीत दाणे घेऊन येत होत्या. त्यानं पडदा सारला. मागे राजाची धान्याची रास. छताला टेकलेली.

"महाराज, तुमचं माप कधी झालं?"

राजा म्हणाला, "सगळ्यांच्या आधी. सुगीला मी गच्चीवरून तुमची खळी बघायचो. एवढं यांच्याकडे, मग माझ्याकडे का नको? जीव जळायचा."

मग राजानं आपली रास कोठारात ओतली. पुन्हा मापं सुरू झाली. राजाचं सगळ्यांत शेवटी. या वेळी राजानंही पाठ फिरवली. केरबाची शीग किती उंच चढली, ते कुणी पाहिलं नाही. पोतं खांद्यावर घेताना त्याचे गुडघे वाकले, एवढंच.

माळावर पेरणी झाली. राजा जेवला, परगणे जेवले.

पोरांनो, आता तुम्हीही पाठ फिरवा. कुणाची गोधडी मोठी, ते बघायचं नाही. डोळे मिटा.