वेळुबाईच्या पाचव्या सुपाची कहाणी

ऐक वेळुबाई, तुझी कहाणी. नदीच्या वळणावर एक आटपाट नगर होतं. नगराला राजा होता, राणी होती, मोठा हाट होता. हाटाच्या अगदी कडेला, जिथं ऊन आधी येतं नि सावली उशिरा, तिथं राही बसायची. राही सुपं विणून विकायची. नवरा तरणाताठा गेला, पदरात एक लेक, शेवंती. घर म्हणजे कुडाची खोपी, तिच्या दाराला वेळूची ताटी. ती ताटी नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी विणली होती. चुलीच्या धुरानं ती काळी झाली होती, पण एक कामटी हलली नव्हती.

राही पहाटे उठे, सुपांची चळत डोक्यावर घेई, हाटात जाऊन बसे. मग काय होई? एक बाई येई. सूप उचली, टिचकी मारी, उन्हासमोर धरून भोकं शोधी, आणि भोक सापडलं नाही की रागावून निघून जाई. मग दुसरी येई. म्हणे, एवढ्याशा कामट्यांचं एवढं मोल? आमचे भावजी बसल्या बसल्या विणतील. भावजींनी जन्मात कामटी हातात धरलेली नसे. मग तिसरी येई. सूप घेते म्हणे, पण लेकीला खेळायला एक सुपली फुकट मागे, आणि सुपली हाती आली की सूप ठेवून चालू लागे. हसू नका बायांनो. ती तिसरी कुठं बसली आहे ते मला इथून दिसतंय.

एके दिवशी राहीचं एकही सूप गेलं नाही. चळत नेली तशी डोक्यावर घेऊन ती परत निघाली. वाटेत वेळूचं बेट होतं. तिथं ती टेकली, आणि तिला रडू आलं ते आवरेना. मग बेटातून एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, अंगानं काटकुळी, उभी राहिली तरी वाऱ्यानं हलल्यासारखी. म्हणाली, “बाई बाई, का रडतेस?”

“आई, दिवसभर बोटं कापून घेते, आणि माझ्या हातचं कुणाला नको.”

म्हातारी म्हणाली, “वेळुबाईचा वसा घे. वेळू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा, चांदणं वाढत असताना कोयता लावू नये. तोडण्याआधी विचारावं, आई, देतेस का? पानं हलली तर घ्यावं, न हलली तर माघारी यावं. कोवळ्या कोंबाला हात लावू नये. आणि वर्षाचं पहिलं सूप विकू नये. त्यात ओंजळभर तांदूळ घालावे नि दारी पहिलं जे कुणी येईल त्याला द्यावं. कोण, कुठलं, विचारू नये. त्याच्यासमोर ताटी ओढू नये.”

राहीनं विचारलं, असं किती दिवस करायचं? म्हातारी म्हणाली, हात चालतात तोवर. मग ती बेटात शिरली. म्हातारी कुठली आणि वेळू कुठला, राहीला ओळखू येईना. तिनं बेटाला हात जोडले आणि घरी गेली.

मग राहीनं वसा धरला. आषाढातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात ती बेटाशी गेली, विचारलं, पानं सळसळली, तिनं वेळू आणला. पहिल्या वर्षीचं पहिलं सूप ओल्या लुगड्यानं पाणी मागायला आलेल्या कोळणीला दिलं. दुसऱ्या वर्षीचं दिलं वाट चुकलेल्या मेंढपाळाला. तिसऱ्या वर्षीचं दिलं एका डोळे सुजलेल्या बाईला, तिच्या कडेवर पोर होतं. कुणाला काही विचारलं नाही.

मग हाटात काय झालं? एक बाई जुनं सूप घेऊन राहीकडं आली. राहीनं मनात म्हटलं, आता हिची तक्रार ऐकायची. बाई म्हणाली, सासूबाई याच सुपात पाखडायच्या, त्या गेल्या. आम्ही जावा जावा या सुपावरून भांडतो, याच्यासारखीच आणखी दे. राहीनं ते सूप हातात घेतलं. शेणानं सारवून सारवून ते गुळगुळीत झालं होतं, कड जागची हलली नव्हती. आपल्या हातचं काम परक्या घरात इतकं राबलं, हे बघून तिचा ऊर भरून आला. त्या दिवशी ती घरी नाचत गेली म्हणा ना.

मग चौथं वर्ष आलं. शेवंतीचं लग्न झालं, नदीपलीकडच्या गावी दिली. आषाढात आणलेला वेळू लेकीच्या संसाराच्या टोपल्यांत नि रोवळ्यांत संपला. सुपांना हात लागला नव्हता. इतक्यात श्रावण उजाडला, आणि राणीचा चाकर भर हाटात राहीपुढं येऊन उभा राहिला. राणीसाहेबांचा नवस आहे, गौरीच्या सणाला नगरातल्या साऱ्या सवाष्णींना सूप द्यायचंय, सुपं तुझ्याच हातची हवीत. भोकं शोधणारीनं ऐकलं, भावजीवालीनं ऐकलं, सुपलीवालीनंही ऐकलं. राहीची मान ताठ झाली. होणारच हो. इतकी वर्षं खाली मान घालून बसली होती.

पण मान ताठ झाली आणि वसा विसरली. अंधारा पंधरवडा यायचा होता, तोवर कोण थांबतो? ती चांदण्या पंधरवड्यातच कोयता घेऊन गेली. बेटाला विचारलं नाही. जून वेळू पुरेना, तसे कोवळेही ओढून काढले. घरी येऊन विणायला बसली. पहिलं सूप झालं, तोच दारात एक म्हातारी उभी राहिली. म्हणाली, बाई, पहिलं सूप झालं का? राही मान वर न करता म्हणाली, ते राणीचं आहे, नंतर ये. आणि तिनं ताटी ओढून घेतली.

सुपं झाली, वाड्यावर गेली. त्यातलीच पाच राहीनं लेकीकडं पाठवली. नव्या सुनेचा पहिला ओवसा असतो. पाच सुपांत वाण भरून गौरीपुढं मांडायचं, आणि ती सुपं माहेरचीच लागतात.

मग गौरी आल्या. पूजेचा दिवस आला. राजवाड्यात सवाष्णी ओळीनं बसल्या, राणी सूप द्यायला उठली. तोच सुपांतून आवाज येऊ लागला, किर्र किर्र किर्र. वेळूला भुंगा लागला होता. सूप उचललं की खाली पिठासारखा भुसा पडे. कोवळ्या कामट्या सुकून आकसल्या होत्या, त्यांच्या फटींतून वाणाचे तांदूळ भुईवर सांडले. राणी रडवेली झाली. म्हणाली, या बाईचं सूप पुन्हा या नगरात विकायचं नाही.

वाड्याच्या दाराशी उभ्या राहीनं ते ऐकलं न ऐकलं. तिच्या मनात एकच, माझी शेवंती. ती धावत सुटली, नदी ओलांडली, लेकीच्या दारी आली. उंबऱ्यापासून गौरीपर्यंत तांदूळ सांडले होते. शेवंती ते वेचत होती आणि डोळे पुसत होती. विहीणबाई वाईट नव्हती, पण घाबरली होती. म्हणाली, “शेवंतीत काही खोट नाही. पण पहिल्या ओवशाचा दाणा सांडला. उद्या गौर जायच्या आधी पाच धड सुपं आणा. नाही आणलीत, तर लेकीला तुमच्याकडं घेऊन जावं लागेल.”

मग राही बेटाशी गेली. लेकीच्या घरचा कोयता हातात होता, वर दिवसाउजेडी चंद्र दिसत होता, वाढता. तिनं विचारलं, “आई, देतेस का?” एक पान हललं नाही. तिनं पुन्हा विचारलं. पान हललं नाही. तिसऱ्यांदा लेकीचं नाव घेऊन विचारलं. वारा असा पडला की तिला आपलाच श्वास ऐकू येऊ लागला. तिनं कोयता उचलला. एक घाव, की लेकीचा संसार वाचेल असं वाटत होतं. तरी तिनं कोयता खाली ठेवला, भुईला डोकं टेकलं आणि माघारी आली.

घरी आली तर समोर ताटी. हीच आपण म्हातारीच्या तोंडावर ओढली. राही ताटीकडं बघत उभी राहिली. तिला आठवलं, हा वेळू नवऱ्यानं अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला, बेटाला हात जोडून, विचारून आणलेला. तिनं ताटी उतरवली. नवऱ्याच्या हाताची एकेक गाठ सोडवली, कामट्या नदीत भिजत घातल्या. पुष्कळशा मोडल्या. उरल्या त्यांत एकच सूप होणार होतं. ती विणायला बसली. मधोमध एक कामटी धुरानं कोळशासारखी काळी होती, ती निघेना, तशीच विणली. दिवे लागायच्या वेळेला सूप झालं.

सकाळी राही उठली, सुपात ओंजळभर तांदूळ घातले. लेकीच्या ओवशाचं एक तरी सूप झालं, असं तिच्या मनात आलं. आणि समोर पाहते तो उघड्या दारात म्हातारी उभी. आज ओढायला ताटी नव्हती.

म्हातारी म्हणाली, “बाई, पहिलं सूप झालं का?”

पाचांतलं एक होतं, तेही जाणार. लेक डोळ्यांपुढं उभी राहिली. मग राही उठली, सूप म्हातारीच्या हातात दिलं आणि म्हणाली, “आई, तुला उशीर झाला. माझ्यामुळं झाला. घे.”

म्हातारीनं सूप घेतलं आणि गेली. राही उंबऱ्यावरून आत वळली. मग तिनं घरातलं रोजचं सूप काढलं, कडेला चिंधी बांधलेलं. त्यात हळदकुंकू, सुपारी, नारळ ठेवला, ते डोक्यावर घेतलं आणि लेकीला आणायला निघाली.

नदीवर आली, तिथं कोळीण उभी, हातात सूप. म्हणाली, सकाळी उठले तर हे खुंटीवरून उंबऱ्याशी येऊन पडलेलं, वाटलं, कुठंतरी न्यायचंय. राहीनं ओळखलं, पहिल्या वर्षीचं. पुढं माळावर आली, तिथं मेंढपाळ उभा, हातात सूप. म्हणाला, मेंढरं आज चरेनात, या सुपाभोवती उभी राहिली. राहीनं ओळखलं, दुसऱ्या वर्षीचं. पुढं गावाच्या वेशीत आली, तिथं ती बाई, आता डोळे सुजलेले नव्हते, पोर बोट धरून चालत होतं. म्हणाली, माझं पोर उठल्यापासून हे सूप घेऊन मला वेशीकडं ओढतंय. राहीनं ओळखलं, तिसऱ्या वर्षीचं. सगळीजणं तिच्यामागून चालू लागली.

विहीणबाईनं तिघांची तीन आणि राहीच्या डोक्यावरचं एक, अशी सुपं पाहिली. म्हणाली, ही तर वापरलेली. मग एकेकात तांदूळ घातले. हलवलं, झटकलं, एक दाणा सांडला नाही. विहीणबाईचा आवाज मऊ झाला. पण तिनं मोजलं आणि म्हणाली, “चार आहेत. पाचवं?”

शेवंती पाचवं वाण ओंजळीत घेऊन उभी होती, ते ठेवायला सूप नव्हतं. ती गौरीची क्षमा मागायला आत गेली. गेली ती तिथंच थांबली. मग तिनं आईला हाक मारली.

राही आत आली, विहीणबाई आली, सगळी आली. गौरीपुढं, तिच्या दोन्ही हातांच्या मधोमध, एक सूप होतं. ताज्या विणीचं, त्यात ओंजळभर तांदूळ, आणि मधोमध एक कामटी कोळशासारखी काळी. गौरीच्या खांद्यावर वेळूचं एक हिरवं पान होतं.

मेंढपाळानं डोईचं मुंडासं काढलं. विहीणबाईनं हलक्या आवाजात विचारलं, “विहीणबाई, हे तुम्ही कधी ठेवलंत?”

राही म्हणाली, “मी ठेवलं नाही. मी दिलं होतं.”

मग शेवंतीनं आपल्या बापाच्या ताटीच्या त्या सुपात पाचवं वाण घातलं. ओवसा पुरा झाला. गौर तृप्त होऊन गेली. त्या घरात शेवंती सुखानं नांदली.

ही गोष्ट राणीच्या कानी गेली. राणी पायी खोपीशी आली. दाराला ताटी नव्हती, ती सरळ आत आली. म्हणाली, राही, मी तुझ्यावर रागावले, आता माझा नवस तूच पुरा कर, उद्याच सुपं दे. राही म्हणाली, राणीसाहेब, अंधारा पंधरवडा लागेपर्यंत थांबावं लागेल. आणि बायांनो, राणी थांबली. राणीला थांबवलं त्या राहीनं.

अंधारा पंधरवडा लागला. राहीनं विचारलं, सारं बेट सळसळलं. तिनं नव्या वेळूचं पहिलं सूप विणलं, तांदूळ घातले, दारात बसली. पहिलं कोण आलं? हाटातली ती भोकं शोधणारी. राहीनं न बोलता सूप तिच्या हाती दिलं. तिनं सवयीनं ते उन्हासमोर धरलं. मग तिचं तिलाच काही वाटलं असावं, तिनं सूप छातीशी धरलं आणि घरी नेलं. राहीनं दाराला पुन्हा ताटी लावली नाही.

वेळुबाई जशी राहीला पावली, तशी तुम्हाआम्हांला पावो. केलेलं काम ज्याच्या त्याच्या घरी राबो, दारी आलेलं कुणी रिकामं न जावो, लेकीबाळींचा ओवसा पुरा होवो. ही साठ पेरांची कहाणी पाच पेरांत सुफळ संपूर्ण.