घंटेवाली गाय आणि राजाचे कुरण

खूप जुन्या काळची गोष्ट. तेव्हा डोंगर गुडघ्याएवढे होते आणि गवत डोंगराएवढे. एका राजाच्या कुरणात म्हणे हत्तीचे पिल्लू हरवले, ते सापडले तेव्हा आजोबा झालेले होते. पटत नसेल तर सोडून द्या, पुढचे मात्र खरे आहे.

त्या कुरणाची कारभारीण होती मंजुळा. सगळी गुरे तिच्या एका हाकेवर वळत. अडलेली गाय सोडवावी तर तिनेच. पण कुरण वर्षागणिक उजाड होत चालले होते, आणि ते का, हे काही तिला कळेना.

राजा म्हणाला, "मंजुळाबाई, अजून दोन पोळे वाट पाहीन. मग गुरे विकून इथे नांगर घालीन."

मंजुळाने रजा मागितली. दूर नदीकाठच्या एका आश्रमात गवताची, मातीची आणि गुरांची विद्या शिकवत. गुरे राखून ज्यांचे हात तयार झाले, त्यांनाच तिथे घेत.

थोरला गुराखी सटवाजी हसला. "अक्का, केस पिकायला लागले. आता पाठांतर करत बसणार?"

"बसेन की काका. गुरांना माझ्या केसांशी काय करायचंय?"

आश्रमात ती सगळ्यांत मागे बसली आणि सगळ्यांत जास्त प्रश्न तिनेच विचारले. तिला येताना पाहून गुरुजी झोपेचे सोंग घेत, असे लोक सांगतात. पहिला पोळा झाला आणि ती शिकून परतली.

आता त्या कुरणाची एक रीत होती. सकाळी म्हाताऱ्या घंटेवाल्या गाईला आधी सोडायचे. ती जाईल तिकडे सगळा कळप. मंजुळाने तिलाच दाव्याला बांधले, ओढ्याकाठचे गवत काटे लावून बंद केले आणि गुरे माळावर वळवली.

सटवाजी संतापला. "वाडवडिलांची रीत मोडलीस."

"काका, ही रोज कोवळे तेवढेच गाठते. खुडलेल्या गवताने मान वर काढायच्या आत पुन्हा तोंड लागले, की मूळ मरते. कुरणाचा एक तुकडा चारायचा, बाकीच्या तुकड्यांना विसावा द्यायचा."

गाय हंबरू लागली. मंजुळाचा जीव तुटला. हिला तिने हाताने भरवून वाढवले होते. हात दाव्याच्या गाठीकडे गेलासुद्धा.

तेव्हा गाय बोलली. त्या काळी गाई बोलत, पण क्वचितच, कारण तोंडात चारा असे. "मला कोवळे कळते, बाई. उद्याचे कळत नाही. ते तू शिकून आलीस, तर राहू दे मला बांधलेली."

दुसरा पोळा झाला आणि राजा नांगर घेऊन आला. मंजुळाने ओढ्याकाठचे काटे काढले होते; तिथल्या दाट गवतात नांगराच्या बैलांनी जी मान खाली घातली, ती वर काढेनात. राजा हसला. नांगर माघारी गेला, आणि राज्यातली सगळी कुरणे मंजुळाच्या हाती आली.

त्या संध्याकाळी ओढ्याकाठी काटे लावायला सटवाजी आपण होऊन गेला.

तात्पर्य: कामात हात बसला तरी पुढे शिकायला लाजू नये, एकाच्या विद्येवर कितीतरी पोटे भरतात.