टवका उडालेला खलाशी

वस्तू आपसांत बोलत आणि माणसांना त्याची कुणकुणही नसे, त्या काळची ही गोष्ट. भास्करराव कारखानिसांनी हौसेने जमवलेले पाणी ओतायचे चिनी मातीचे जुने विलायती जग काचेच्या कपाटात राहत. प्रत्येकाला पुढे माणसाचा चेहरा आणि मागे धरायला मूठ. त्यांतल्या हसऱ्या खलाशाला एकच दुःख होतं: आपल्या डोक्यात नुसती पोकळी आहे.

"खानदानी जगात पाण्याचा थेंबसुद्धा पडत नाही," शेजारचा, केसांच्या भरघोस टोपाचा न्यायाधीश त्याला बजावायचा. "आपण बघण्यासाठी असतो."

एकदा पुसताना खलाशाच्या टोपीचा टवका उडाला. फुटका जग भास्करराव संग्रहात ठेवत नसत. हळहळत त्यांनी त्याला बाहेर काढलं. आता आपण अडगळीत जाणार, असं खलाशाला वाटलं.

पण समोरच्याच पलंगावर त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई तापाने पडून होत्या. भास्कररावांनी खलाशात कोमट पाणी भरून त्याला उशाशी ठेवलं.

"अहो, हा माझ्याकडे बघून हसतोय," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या.

"पाणी पी, मग आणखी हसेल."

त्या घोट घोट प्यायल्या. हळूहळू ताप उतरला, तरी खलाशी उशाशीच राहिला.

"आत पाणी असलं की कसं वाटतं रे?" एका दुपारी न्यायाधीशाने काचेआडून हळूच विचारलं.

"दादा, ती पोकळी त्याच्यासाठीच होती," खलाशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भास्कररावांनी कपाट उघडलं, तेव्हा न्यायाधीश फळीच्या अगदी कडेला येऊन उभा होता.