मिटल्या मुठींचा बेंदूर

दोष यसबा कुंभाराचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण वेसरडी गावात कुणालाही विचारा, शेवटपर्यंत हे कुणी कबूल करत नाही. म्हातारी मंडळी म्हणतात, देवाचा कोप झाला. कुणी म्हणतं, मातीने बळी घेतला. देव तिथे आला नव्हता आणि माती आपणहून कुणाला मारत नाही. तिथे यसबा होता आणि त्याला फुगवणारं सगळं गाव होतं.

गावाच्या वरच्या अंगाला दिसतो तो फुटका माळ. आषाढात सगळं रान हिरवं होतं, मधला एवढा गोल तेवढा तांबडा राहतो. पायाखाली खापऱ्या कुरकुरतात. शोधलं तर एखादी वळणदार सापडते, खुराची नाहीतर कानाची. पाहुणे ती खिशात घालतात आणि घरी नेऊन कपाटात ठेवतात.

पाहुण्यांना खरं नवल वाटतं ते बेंदराचं. बैलांचा सण, कुंभाराघरून मातीचा बैल यायचा, पाटावर ठेवून पुजायचा, ही रीत आजूबाजूच्या सगळ्या गावांत आहे. वेसरडीत मात्र पूजेच्या आधी घरातला सगळ्यात थोरला माणूस दोन्ही मुठी मिटतो आणि तो ओला बैल मनगटांच्या मध्ये धरतो. बोट लावायचं नाही. तोंड उघडायचं नाही. मग घरातलं सगळ्यात धाकटं पुढे येतं आणि बैलाच्या पोटात काडी खुपसून भोक पाडतं. ते झाल्याशिवाय हळदकुंकू नाही आणि पुरणपोळीही नाही. हे असं का, याची गोष्ट सांगतात ती अशी.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. त्या साली गुरांवर बुळकांडीची साथ आली. बैल उभ्या उभ्या रक्त हगून मरायचे. मेलेली जनावरं माळावर ओढून टाकायला माणसं पुरेनात. गिधाडं आणि कुत्री नेहमी पोटापासून सुरुवात करतात. गावातल्या प्रत्येकाने ते पाहिलं होतं. काल ज्याच्या मानेला तेल चोळलं तोच बैल, पोट फाटलेला, आतडी धुळीत.

त्यातच पाटलांचा मानाचा बैल गेला. बेंदराला तो पुढे चालायचा आणि बाकीची जनावरं त्याच्यामागून वेशीतून जायची. तोच नाही तर मिरवणूक काढायची कशी? दत्ताजी पाटलांनी यसबाला चावडीवर बोलावलं.

यसबा जन्मभर चावडीच्या पायरीखाली उभा राहिलेला माणूस. बेंदराचा बैल प्रत्येक घरात द्यायचा तो, पण मिरवणुकीत चालायचा शेवटी, शेण तुडवत. त्या दिवशी पाटलांनी त्याला वर घेतलं आणि घोंगडीवर बसवलं.

"यसबा, औंदा मानाचा बैल तुझ्या घरनं."

कमरेएवढा उंच हवा होता. गाडीवर ठेवून मिरवायचा, पावसात विरघळू नये म्हणून भाजायचा. आणि भरीव. "पोकळ देव आमाला नको," पाटील म्हणाले. बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या एकाला साधी पणती वळता येत नव्हती, पण बैल भरीवच हवा हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एवढी जाड माती आतून वाळायला किती काळ लागतो, हे यसबाच्या मनात आलंच नाही असं नाही. आलं होतं. पण घोंगडी मऊ होती आणि पाटलांचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागला होता. "घडवतो," तो म्हणाला.

घरी मुलगा होता, केरबा. एकुलता. घरातले मोठे रांजण तोच करायचा. केरबाची बायको हौसा माती तुडवत होती. केरबाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आबा, आतनं मोकळा ठेवू. रांजणागत."

"देवाचा बैल हाय त्यो. पाणी भरायचंय व्हय त्यात?"

"मग वाळू तरी द्या. दिवाळीपातूर."

"बेंदूर दिवाळीला घालायचा? जा, पाटलाला तूच सांग जा. मुंडासं बांध आनि जा."

हौसा पाय न थांबवता म्हणाली, "भरीव बैल बसंल गाडीवर आनि गाडी बसंल खाली." केरबा हसला. यसबा हसला नाही.

"आपल्या घरचा बैल सात पिढ्यांत एकदा फुटला न्हाई," तो म्हणाला.

हे खरं होतं. फुटणार कसा? वेसरडीचे बेंदराचे बैल वीतभर असायचे आणि कच्च्या मातीचेच पुजले जायचे. सात पिढ्यांत एकही बैल आव्यात, कुंभाराच्या भट्टीत, गेला नव्हता. पण बापाने सात पिढ्या काढल्या की पोराने गप्प बसायचं, हा नियम त्याही काळी होता.

बैल मात्र यसबाने असा घडवला की बघत राहावं. त्याच्या हाताला कुणी नाव ठेवलं नसतं. मानेखालची पोळी, वशिंडाचा झोक, डोळ्याखालचा सुरकुतीचा पट्टा, सगळं जिवंत. शिंगं तर त्याने खापराने घासून टोकदार केली. खूर केरबाने केले. भांडण विसरून बापलेक त्या बैलापुढे उकिडवे बसायचे आणि केरबा म्हणायचा, "आबा, ह्यो उठंल आता." आषाढी हवा ओलसर होती. वरून बैल पांढरट पडला, वाळल्यासारखा दिसायला लागला.

माळावर बैलाभोवती आवा रचायला घेतला, त्या सकाळी केरबाने लोखंडी सळई आणली आणि बैलाच्या पोटात हातभर खोल घातली. बाहेर काढून बापाला टोक दाखवलं. काळा, लिबलिबीत चिखल.

"बघा. आत वलीच हाय. वाफ कुठनं जायाची? आनखी चार भोकं पाडू द्या."

यसबाने टोक पाहिलंच नाही. त्याला दिसलं ते पोट. माळावर पडलेल्या बैलांचं होतं तसं, भोसकलेलं. आणि खालून नारळ घेऊन पाटील निघालेले दिसत होते. त्याने मडकी ठोकायची थापी उचलली. पहिला तडाखा केरबाच्या कानावर बसला. केरबाने हात वर केला, दुसरा त्या हातावर बसला. बोटं मोडल्याचा आवाज झाला. तरी यसबा थांबला नाही. कुंभाराच्या पोराचा हात त्याने बैलाच्याच पायाशी, मळलेली माती ठोकावी तसा ठोकला. हौसा मध्ये पडली, तिच्याही खांद्यावर बसली.

"मामंजी, तुमचंच पोर हाय त्ये."

"बैल मारला त्यानं माझा."

मग त्याने ओल्या मातीचा गोळा घेतला आणि अंगठ्याने ते भोक बुजवलं. वरून पाण्याचं बोट फिरवलं. इतकं सफाईने की पाटलांना काही दिसलं नाही. एवढी त्याची कारागिरी.

नारळ फुटला. आवा पेटला. म्हातारी मंडळी जेवणावळीला बसावं तशी गोल करून बसली आणि यसबा पाटलांच्या शेजारी. थोड्या वेळाने रचलेल्या शेणींच्या, गोवऱ्यांच्या आतून आवाज यायला लागला. टक्. मग पुन्हा टक्.

हा आवाज कुंभाराच्या रांगत्या पोरालाही कळतो. यसबाला कळला. "मागं सरा" एवढंच म्हणायचं होतं.

"काय वाजतंय रे?" पाटलांनी विचारलं.

"नंदी बोलतोय," यसबा म्हणाला.

सगळ्यांनी हात जोडले.

धावला तो केरबा. मोडका हात फडक्यात गुंडाळलेला, दुसऱ्या हाताने तो जळत्या शेणी ओढून काढायला लागला. "आबा, जाळ काढा. आबा." यसबा बसून राहिला. पाटील बसले होते, मग तो कसा उठणार?

बैल फुटला तेव्हा आवाज वेशीच्या पलीकडे गेला म्हणे. आव्याच्या विटा, निखारे, मांडीएवढाली ढेकळं उडाली. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याचा चुरा झाला. केरबा सगळ्यात जवळ होता. छातीत बैलाचा पाय बसला, आणि यसबाने घासून टोकदार केलेलं शिंग गळ्यात घुसून मानेतून बाहेर आलं. तो तसाच आव्यात पडला आणि वरून आवा ढासळला.

मंडळी पळाली. यसबा उठला, शेवटी. तो नुसत्या हातांनी निखारे उपसत राहिला. कातडी गेली, तरी उपसत राहिला. पोराला बाहेर ओढलं तेव्हा ओळखायला फक्त फडक्यातला हात उरला होता. मोडलेला.

आणि गावाने काय केलं? बैलाचं डोकं शाबूत सापडलं होतं. बळी मिळाला, देवाने बैल मान्य केला, असं ठरलं. ओढ्याकाठी केरबा जळत होता आणि वेशीत ते डोकं गाडीवर ठेवून हलगी वाजत होती. बुळकांडी पुढे ओसरली, तर त्याचंही श्रेय त्या डोक्यालाच. आजही हा भाग सांगताना म्हातारे हात जोडतात. त्यात लाज किती आणि भक्ती किती, ते त्यांनाच विचारावं.

यसबा जगला. त्याची बोटं तळव्यात वळली, कातडी एकात एक जुळली आणि हातांच्या जागी दोन मुठी राहिल्या, कधीच न उघडणाऱ्या. हौसा त्याला भरवायची. भरवायची आणि उठायची.

पुढचा बेंदूर आला. गावात कुंभाराचं घर एकच. पूजेच्या बैलाला बाईचा हात लागायचा नाही, ही रीत. हौसाने सगळे बैल एकटीने केले. प्रत्येकाच्या पोटाला भोक. बातमी पोचली आणि पाटील काठी घेऊन आले, मागे निम्मं गाव.

"हौसे, मेलेली जनावरं पुजायला लावतीस आमाला?"

"पुजू नका."

पाटलांनी टोपली लाथेने उडवली. बैल चिखल झाले. हौसा उठली तशी तिच्या पाठीत काठी बसली, मग पुन्हा बसली. कोपऱ्यात बसलेला यसबा मध्ये आला. तिसरा फटका त्याच्या कपाळावर फुटला. रक्त डोळ्यांत उतरलं, तो पडला, उठला, आणि त्या दोन मुठींनी त्याने पाटलांच्या तोंडावर घाव घालायला सुरुवात केली. दात पडले. नाक चेचलं. मुठींवरची जुनी कातडी फाटली तरी थांबेना. ज्याच्या गुडघ्याला गुडघा लावून तो बसला होता, त्याच्या छातीवर बसून तो मारत होता. लोकांनी त्याला ओढलं, तुडवलं, बरगड्या मोडल्या.

कसाबसा तो सरकला. चिखलात एक बैल धड उरला होता. बोटं नव्हती, म्हणून त्याने तो मनगटांच्या मध्ये धरून वर केला.

"भोक बघा," तो म्हणाला. "माझ्या पोराला एवढंच पाडायचं हुतं."

मग कुणी मारलं नाही. पाटील रक्त थुंकत बसले होते. थोड्या वेळाने त्यांनीच, बोबडं, विचारलं की बेंदूर उद्यावर आला, आता बैल कुठून आणायचे.

हौसा म्हणाली, "आज करून देते. पर भोक मी न्हाई पाडनार. तुमच्याच घरातलं सगळ्यात धाकटं पाडंल. आनि थोरल्यानं बैल धरायचा. असा, मामंजींनी धरलाय तसा. तोंड मिटून. न्हाई जमत तर ढेकळं पुजा."

दुसरा कुंभार नव्हता. ऐकावंच लागलं. पहिली मूठ पाटलांनी मिटली, असं सांगतात.

आजही वेसरडीत बेंदराला थोरले मुठी मिटतात. धाकटं भोक पाडत असतं तेवढा वेळ गप्प राहतात, आणि ते झालं की लगेच त्याला शिकवायला लागतात की असं नाही, तसं. पाहुण्यांनी विचारलं तर देवाचा कोप शांत राहावा म्हणून, असं सांगतात. यसबाचं नाव घेत नाहीत. फुटक्या माळावर आजही गवत उगवत नाही.

यसबाला एकच मुलगा होता. तो मेला, आणि यसबाच्या हातून पुन्हा कधी काही घडलं नाही.